सात वाजून दोन मिनिटं

तक्रार एका ओळीची होती,
धोबीखान्याच्या पावतीमागे, पेन्सिलीनं:
"रोज सात वाजून दोन मिनिटांनी मरतं."
खाली सही नाही.

म्हातारं झालंय, चालायचंच, मालक नागामिने-सान म्हणाले.
त्यांच्या हॉटेलात सगळंच म्हातारं:
चपलांची फळी, लिफ्टमधला आरसा,
आणि आता दुरुस्तीला आलेला मी.
बेप्पूच्या या उतारावर गटारांतूनसुद्धा वाफ निघते.
युकाता बांधलेले पाहुणे
उकडल्या अंड्यांच्या वासातून हिंडत असतात.
तळमजल्यावर, टॉवेलांच्या खोलीला लागून,
ब्याऐंशी सालचं हे खोकं.
एक जहाज, मोजता न येणारे शत्रू,
शंभर येनच्या नाण्याची फट.

पहिल्या दिवशी मी वीजपुरवठ्यावर आळ घेतला.
सगळेच घेतात. फुगलेला कपॅसिटर दिसला
की हात आपोआप पकडीकडे जातो.
दोन बदलले. फ्यूज पाहिला.
मीटर म्हणाला, पाच पूर्णांक एक. निर्दोष.
सात वाजून दोन मिनिटांनी पडदा पांढरा पडला,
जहाज पुन्हा आरंभाला.
चोर सोडून संन्याशाला सुळी.

दुसऱ्या दिवशी पडद्याच्या मागे शिरलो.
काचेच्या नळीला हात लावण्याआधी
पेचकसाला तार बांधून
तिच्यात दडलेली वीज लोखंडी चौकटीत सोडली.
टक्.
मागे कुणीतरी दचकलं.
टॉवेलांची चळत छातीशी धरून हात्सुए-सान.
"मेलं का?"
नाही, म्हटलं, आता हात लावता येईल.
त्या गेल्या नाहीत.
एका टाक्याभोवती केसाएवढी गोल चीर सापडली,
झाळली. गुन्हेगार तीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी काहीच केलं नाही.
स्टूल ओढून बसलो.
(माझ्या उस्तादाला हे कधी जमलं नाही,
त्याची दोन बोटं घाईत भाजली होती.)
सात वाजता भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली,
न्हाणीघरांचे पंप.
दिवा किंचित पिवळा.
शंभर व्होल्टचे चौऱ्याण्णव.

पण एवढ्याशानं कुणी मरत नाही.
शेजारचं पेयांचं यंत्र तर
खुशाल थंड डबे टाकत होतं.
म्हणजे हे आधीपासूनच काठावर उभं होतं.
मीटरचं टोक पुरवठ्यावरून उचललं
आणि थेट चिपेच्या पायाशी टेकवलं.
चार पूर्णांक सात.
पाचाच्या वर निघाले,
पावणेपाचही पोचले नाहीत.
दोन हात तारेत पाणी कुठे मुरत होतं?

जोडणी उपसली.
बोर्डाच्या काठचे सोनेरी दात काळेठिक्कर.
चाळीस वर्षं ती वाफ इथवर येत होती,
वर पाहुण्यांचे गुडघे सैल करून
खाली सावकाश
तांबं चाखत.
कुणी काही बिघडवलं नव्हतं.
गंधक आपलं काम करत होता.

खोडरबर आहे का, विचारलं.
हात्सुए-साननी ॲप्रनच्या खिशातून काढून दिलं,
बुडाला खोडरबर लावलेली एक आखूड पेन्सिल.
दात घासले, एकेक. खाच नवी बसवली.
पेन्सिल परत केली.
पावतीबद्दल मी काही बोललो नाही.

साडेसहाला त्यांनी नाणं टाकलं.
"तपासून बघते फक्त."
साबणानं सुरकुतलेली बोटं
दांडा असा वळवत होती
जसा घरच्या दाराचा अंधारातला कडी-कोयंडा.
सात. घरघर. दिवा पिवळा.
पडदा शहारला,
सावरला.
सात वाजून दोन.
सात वाजून तीन.
आणि वरून उतरली एक रांग
त्यांनी कधीच न पाहिलेली,
तिरकी, निळी, भलत्याच चालीची.
चौथ्या सेकंदाला जहाज फुटलं.

हात्सुए-सान पडद्याकडे बघत राहिल्या.
"अस्सं," म्हणाल्या,
"पुढे हे होतं होय."
आणि ॲप्रनच्या दुसऱ्या खिशात
सुट्टे चाचपू लागल्या.